काळोखाचं वायरिंग

तीस वर्षं मंडळाची रोषणाई माझ्याकडे होती.
माळा, फोकस, मूर्तीमागचं फिरतं चक्र.
यंदा शाल्मली म्हणाली,
आजोबा, काळोख लावून द्या.

काळोखाला मेहनत जास्त.
एकेक फट हुडकावी लागते,
दाराखालची, गजांजवळची.
रस्त्यापलीकडच्या मेडिकलचा हिरवा क्रॉस
कुठून तरी आत येतोच,
चिकटपट्टी घेऊन त्याच्या मागे फिरायचं.

जुईनगर, इमारत बावीस, पहिला मजला.
पंधरा नोव्हेंबरला पाडायची, म्हणून रिकामी.
दोन खोल्या, मोरी, हातभर गॅलरी.
घरत वहिनी किल्ली देताना म्हणाल्या,
राहू देत भुतं. भाडं नको त्यांचं.

गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर नकाशा:
दार, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे,
मग निघालो तिथंच आलो असं वाटलं पाहिजे.
म्हटलं, याला चकवा म्हणतात,
हा माळावर असतो, अमावास्येला.
ती म्हणाली, मग तो हॉलमध्ये बसवू.

सामान हलवून उरलेली खोकी एकावर एक रचली,
वर काळी ताडपत्री.
खोक्यांवरची अक्षरं तशीच राहिली:
देव. काचेचं. आईच्या साड्या.
ही बाजू वर.

छतापासून ओल्या पोछ्याचे धागे, मानेला लागतील असे.
पण कोणाच्या मानेला? पहिलीतला अद्वय केवढासा.
दोन उंच्या ठेवल्या.
मोरीत परातभर गार शेवया, हात घालायला.
जुना टेबलफॅन खरखरतो, त्याला तेल देऊ नका म्हणाली.
आयुष्यात पहिल्यांदा मी बिघाड जपला.

हडळीवरून मात्र भांडण झालं.
मुलांना सुळे हवेत, झगा हवा, रबरी वटवाघूळ.
मी म्हटलं, पाय उलटे करा, बाकी काही नको.
नेहलने सँडल मागेपुढे बांधून
चार पावलं टाकली.
मग कोणी झग्याचं नाव काढलं नाही.

भोपळा एपीएमसीतून, सात किलोचा.
त्याला डोळे कोरताना कुट्टी काकी जिन्यात थांबल्या,
आम्ही दारात कोहळा बांधतो, वाईट येऊ नये म्हणून.
तुम्ही हा बोलवायला ठेवता?

एकतीस तारीख. रांग पाण्याच्या टाकीपर्यंत.
मी मेन स्विचपाशी, बॅटरी खिशात,
मागचं दार उघडं आहे ना, दर दहा मिनिटांनी बघत.
शाल्मली किंचाळ्या मोजत होती, पाचाची एक जुडी.
पहिल्या तासात चौदा जुड्या.
अद्वय तीनदा गेला, तिन्ही वेळा रडला,
चौथ्यांदा रांगेत उभा.

मग मोठी माणसं आली.
वरच्या मजल्यावरचे धुमाळ, कुट्टी, पलीकडची बर्वे मंडळी.
आणि आमचा चकवा हुकला.
बावीसमधली सगळी घरं एका साच्यातली.
तीस वर्षं रात्री पाणी प्यायला उठलेले हे पाय,
डावीकडे वळलेच नाहीत.
देव लिहिलेलं खोकं हलकेच सरकवून
सरळ मोरीकडे गेले.
धुमाळ तर शेवयांत हात धुवायला निघाले होते.

फक्त शेवटच्या खोलीच्या दारात
एकेकाचा उजवा हात वर गेला.
चौकटीपासून चार बोटं, खांद्याच्या उंचीला.
बटण.
तो बोर्ड मी दुपारीच काढला होता, तारा टेप करून.
बसवलाही मीच होता, त्र्याण्णव साली.
बोटं रिकाम्या चौकोनात गेली,
सिमेंटच्या खरबरीत कडेला लागली,
आणि तिथंच थांबली.

कोणी ओरडलं नाही.
नुसता श्वास आत गेल्याचा आवाज,
आणि फॅनची खरखर.

शाल्मली कुजबुजली, आजोबा, याची रेघ मारू?
म्हटलं, मार.

सकाळी कुट्टी काकींनी
भोपळ्याच्या घारग्यांचा डबा पाठवला,
गोड जरा जास्तच.
ताडपत्री घडी करून गच्चीवर टाकली. खोकी भंगारवाल्याला.
बोर्ड माझ्या पिशवीत आहे,
चारी स्क्रू कागदात बांधून.